चाल कुणाची, दाढ कुणाची

जगातलं कुठलंही भांडण नीट आखलेल्या एका प्रयोगाने मिटतं! हे मी मनातल्या मनात म्हटलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर, हातात चमचा धरून, आईबाबांसमोर जाहीर केलेलं आहे. माणसं भांडतात, कारण त्यांच्याकडे मतं असतात आणि मोजमाप नसतं. मोजमाप दिलं की मतं आपोआप विरघळतात, कोमट पाण्यातल्या साखरेसारखी. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. साखर विरघळते हे मला माहीत आहे. बाबा विरघळत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आधी बाबांच्या दाढेबद्दल सांगायला हवं, कारण मी जे काही केलं ते त्या दाढेसाठी केलं. कलेसाठी नाही, प्रसिद्धीसाठी नाही, आणि ज्या शब्दाने हल्ली माझी ओळख करून दिली जाते त्या 'चोरी'साठी तर मुळीच नाही!

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला; आता तेच काम फुकट करतात. त्यांचे शाळेपासूनचे मित्र दातांचे डॉक्टर. मी त्यांना दातवाले काका म्हणते. दर रविवारी हे दोघं वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या सिनेसंगीत श्रोता मंडळात जातात. घडीच्या खुर्च्या, मधे एक स्पीकर, कोपऱ्यात चहाचा थर्मास. गाणं ऐकायचं आणि गाण्यापेक्षा जास्त वेळ त्यावर बोलायचं, असा एकूण कार्यक्रम.

तर एका रविवारी काकांनी एक नवंकोरं गाणं लावलं. ते संपायच्या आत बाबा म्हणाले, "हे गाणं आहे की शाम्पूची जाहिरात?"

"का? काय वाईट आहे?"

"चाल तिकडची, ठेका तिकडचा, आवाज यंत्रातून दळून काढलेला! आपलं काय उरलंय त्यात? शब्द! तेही ऐकू येत नाहीत. नुसता बाजार मांडलाय!"

"आणि तुझ्या जुन्या गाण्यांत काय होतं रे? व्हायोलिन, पियानो, क्लॅरिनेट! व्हायोलिन काय तुझ्या आजोबांच्या परसात उगवायचं?"

"ते आपण घरात घेतलेलं होतं. हे घरात घुसलंय! पाहुणा आणि दरोडेखोर यांत फरक असतो!"

"आणि बाजार म्हणतोस, तर तेव्हाचे सिनेमे काय धर्मार्थ चालायचे? तिकीट काढूनच जायचास ना? नाच सुरू झाला की सगळ्यात मोठी शिट्टी तुझी असायची!"

"मी शिट्टी कलेसाठी मारत होतो!"

इथे सगळे हसले. हसले तिथेच बिघडलं. बाबांना चूक दाखवलेली चालत नाही. हसलेलं तर त्याहून नाही. ते म्हणाले, "तुला तरी काय कळणार म्हणा. दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला ते संगीतच वाटणार!"

काका उसळले. "तुझ्या कानात मोतीबिंदू झालाय!"

बाबा उठले, आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली (रागातही ते शिस्त सोडत नाहीत), आणि म्हणाले, "आजपासून तुझा-माझा संबंध संपला."

उत्तम! दोन स्वाभिमानी माणसं, एक स्वच्छ शेवट. अडचण एवढीच होती की त्याच आठवड्यात काकांनी बाबांच्या दाढेचं रूट कॅनल सुरू केलं होतं. दाढ उघडली होती, आतलं साफ केलं होतं, वर तात्पुरतं सिमेंट थापलं होतं. पुढचं सगळं काम बाकी!

"दुसऱ्या डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"शक्य नाही. माझ्या तोंडात आजवर त्याच्याशिवाय कुणाचा हात गेलेला नाही."

"मग काकांकडे जा."

"त्या शाम्पूवाल्याकडे? दाढ गेली तरी बेहत्तर!"

मी काकांकडे गेले. ते पांढऱ्या कोटात, हातमोजे घालून, घायाळ चेहऱ्याने उभे होते. "तात्पुरतं सिमेंट आहे पोरी ते. नावातच सगळं आलं. फार दिवस टिकणार नाही. आतून पू झाला तर दाढ काढावी लागेल."

"मग बोलवा ना त्यांना!"

"त्याला म्हणावं, आधी ड्रिलबद्दल माफी माग. मग तोंड उघड."

घरी बाबा एका बाजूने चावायला लागले. मग अगदी हळू चावायला लागले. मग नुसतं गिळायला लागले. गार पाणी प्यायले की डोळे पांढरे व्हायचे, आणि ते तसेच पांढऱ्या डोळ्यांनी जुनी गाणी ऐकत बसायचे. गालावर सूज दिसायला लागली तेव्हा आई म्हणाली, "ह्यांचं तत्त्व दाढेत अडकलंय. काढ काहीतरी मार्ग. शिकलीस ना एवढं?"

शिकले होतेच! म्हणून तर चमचा उंचावून ती घोषणा केली.

प्रयोग सोपा होता. दोघांचं भांडण आपलं-परकं आणि कला-बाजार यांवर होतं. तर मंडळाला नुसत्या चाली ऐकवायच्या. शब्द नाहीत, गायक नाही, वाद्यमेळ नाही. सगळ्या चाली संगणकावर एकाच साध्या बासरीसारख्या आवाजात. काही जुन्या, काही नव्या, काही सरळ परदेशी. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: आपली की उसनी? मनापासून केलेली की विकण्यासाठी? माझा अंदाज असा होता की दोघंही सपशेल चुकतील, दोघंही सारखेच खजील होतील, आणि सारखेच खजील झालेले दोन मित्र एकमेकांना माफ करतील. आहे की नाही अचूक?

आता एक कामाची गोष्ट सांगते. मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. साऱ्या शहराचं पाणी आमच्याकडे येतं. कोणत्या अवस्थेत येतं ते सांगत नाही. आमचा एक नियम आहे. पाण्याचे नमुने तपासताना त्यांत एक कोरा नमुना मिसळायचा. म्हणजे ज्यात काहीही नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं पाणी. त्यातही काही सापडलं, तर समजायचं की दोष पाण्यात नाही, तपासणाऱ्यात आहे.

मग मला कोरी चाल हवी होती. जिला संगीतकार नाही, देश नाही, हेतू नाही, अशी चाल. स्वतः बसून रचली तर त्यात मी कुठे ना कुठे येणारच. म्हणून मी आमच्या टाकीतल्या पाण्याचे आकडे घेतले. आमच्याकडे मैलापाण्यात हवा सोडायची एक टाकी आहे. तिच्यात प्राणवायू किती विरघळलाय, हे एक सेन्सर दिवसरात्र मोजत असतो. सकाळी सारं शहर आंघोळीला बसलं की आकडा उतरतो, दुपारी सावरतो, संध्याकाळी पुन्हा उतरतो, सगळे झोपले की निवांत चढतो. एका आठवड्याचे आकडे मी पाच सुरांवर बसवले. पाचच का? कारण जास्त घेतले तर कानाला टोचतात आणि कोरा नमुना लगेच ओळखू येतो. ते पाच सूर आपल्या भूप रागातही आहेत आणि पश्चिमेच्या कितीतरी लोकगीतांतही. कुणावर अन्याय नको!

बाबांना मंडळात न्यायला आईला यावं लागलं. "नाही आलात तर लोक म्हणतील, परीक्षेला घाबरले," एवढं ती म्हणाली आणि बाबा चपला घालून दारात उभे! तिकडे काकाही आले. दोघं खोलीच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून, सहा वाजलेल्या घड्याळाच्या काट्यांसारखे बसले.

अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे, पण गावभर त्यांना 'ठरावसाहेब' म्हणतात, कारण ते चहा ओतायचा असला तरी ठराव मांडतात. त्यांनी प्रयोगाचा ठराव मांडला, तो संमत झाला, आणि मी चाली वाजवायला सुरुवात केली.

सुरुवात झकास झाली. बाबांनी एक परदेशी चाल 'आपली, मनापासून' म्हणून लिहिली. काकांनी एक जुनी अजरामर चाल 'उसनी, जाहिरातीची' म्हणून लिहिली. मी चेहरा कोरा ठेवून बसले होते, पण आत गुदगुल्या होत होत्या. मग कोरा नमुना वाजला.

आणि खोली गप्प झाली.

गप्प म्हणजे कशी! कुणाचं तरी बिस्कीट चहात बुडून तळाला गेलं, तरी कपात चमचा घालायची कुणाची छाती होईना. आकडे उतरत होते, सावरत होते, पुन्हा उतरत होते. शहराच्या आंघोळी चालल्या होत्या! बाबांनी चष्मा काढला. चाल संपली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि या वेळी गार पाण्याने नव्हे.

ते खुर्चीतून वळले. थेट काकांकडे.

"ऐकलंस?"

"ऐकलं," काका म्हणाले. "काय चाल आहे रे!"

"झऱ्यासारखी निर्मळ!"

मला खोकला आला.

"ही मी लहानपणी ऐकलीय," बाबा म्हणाले. "रेडिओवर. आई कपडे वाळत घालत होती. पुढे सिनेमात आली, पण ती बिघडवून."

"लहानपणी? छे! मी ही दातांच्या परिषदेला गेलो होतो ना, तिथल्या विमानतळावर ऐकली. शंभर टक्के तिकडची आहे."

"म्हणजे तिकडच्यांनी आपल्याकडून उचलली!"

"आपण त्यांच्याकडून!"

"पण चाल मात्र…"

"चाल मात्र अप्रतिम. त्यात वादच नाही."

"काका, बाबा," मी म्हटलं, "ही चाल म्हणजे…"

"मधे बोलू नकोस!" दोघं एकदम म्हणाले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा एकदम! आणि त्याच क्षणी आईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. घरी परतताना तिने मला बाजूला घेतलं. "दाढ भरून होईपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. उघडायचं ते ह्यांनी. मग सांग काय ते विज्ञान."

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष?

ठरावसाहेबांनी 'हरवलेल्या मूळ गाण्याचा शोध' असा ठराव मांडला आणि शोधसमितीवर बाबांना आणि काकांना नेमलं. दोघं रोज फोनवर. सकाळी फोन, दुपारी फोन! "त्या चालीत एक विरह आहे," बाबा म्हणायचे. (त्या वेळी टाकीचा पंखा दुरुस्तीसाठी बंद होता.) "आणि तो मधला उठाव! तिथे संगीतकाराने काळीज ओतलंय!" (तिथे पंखा पुन्हा सुरू झाला होता.) मी दातओठ खाऊन गप्प बसायचे, बाबा तेवढंही करू शकत नव्हते. पण काकांनी त्यांना शुक्रवारची वेळ दिली होती, आणि आई रोज सकाळी माझ्याकडे फक्त बघायची.

गुरुवारी बाबांनी वेळ पक्की करायला दवाखान्यात फोन लावला. तिथे फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक मिनिट हं." आणि फोनमधून वाजायला लागली… तीच चाल! वर एक गोड आवाज: "पांढऱ्याशुभ्र हास्यासाठी आजच भेट द्या!"

शोधासाठी म्हणून काकांनी माझ्याकडून चालीची प्रत नेली होती. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती दवाखान्याच्या फोनवर बसवली. किती साधी, किती प्रेमाची गोष्ट! पण बाबांचा चेहरा सुजेच्या बाजूने जांभळा आणि दुसऱ्या बाजूने लाल झाला.

"माझ्या आईच्या आठवणीवर दात विकतोय!" त्यांनी फोन आपटला. "बाजार! शेवटी बाजार! रद्द कर शुक्रवार!"

"अहो, पण दाढ…" आई म्हणाली.

"दाढ बाजारात बसलेली नाही!"

काकांचा उलटा फोन आला. मी घेतला. "त्याला विचार, तो ज्या गाण्यांसाठी रडतो ती रेडिओवर वाजायची तेव्हा मधे कशाची जाहिरात असायची? दंतमंजनाची! माझ्याच धंद्याने पोसलीत त्याची गाणी!" मी निरोप दिला. द्यायला नको होता.

त्या संध्याकाळी बाबांना ताप भरला. सूज डोळ्याखालपर्यंत चढली. एरवी मी नियम पाळणारी मुलगी आहे. पण आता मात्र ठरवलं की पुरे झालं. सगळं भांडण ज्या चालीवर आहे ती कुणाचीच नाही, हे कळलं की भांडायला उरणार काय? बाबांनी काकांच्या निषेधासाठी शनिवारी मंडळाची खास सभा मागितली होतीच. ताप असतानाही गळपट्टा गुंडाळून ते गेले. मी मागोमाग संगणक घेऊन.

बाबांनी निषेध मांडायला तोंड उघडलं, कळ आली, मिटलं. ती संधी साधून मी उभी राहिले.

"ही चाल ना आपली आहे, ना परकी," मी म्हटलं. "ती मी केलीय. म्हणजे मीही नाही, संगणकाने केलीय. आमच्या केंद्रातल्या टाकीच्या आकड्यांवरून."

"कसली टाकी?" ठरावसाहेबांनी विचारलं.

"मैलापाण्याची."

तुम्ही कधी पंचवीस-तीस घडीच्या खुर्च्या एकदम मागे सरकल्याचा आवाज ऐकलाय? तो सिनेसंगीतात अजून कुणी वापरलेला नाही. वापरावा.

"हिची अक्कल…" कुणीतरी म्हणालं.

"विनोद पुरे कर," काका म्हणाले. "मी विमानतळावर ऐकलीय ती."

"आणि मी रेडिओवर!" बाबा कण्हत म्हणाले.

"ऐकणं शक्यच नाही! ती गेल्या महिन्यात जन्मली!"

"म्हणजे आम्ही खोटं बोलतो?" काका.

"म्हणजे माझी आई कपडे वाळत घालत नव्हती?" बाबा.

मी संगणक उघडला. आकडे दाखवले, ते सुरांवर कसे बसवले ते दाखवलं, चाल वाजवून दाखवली. हुबेहूब तीच! यापेक्षा अधिक पुरावा न्यायालयही मागत नाही. पण बाबांनी आयुष्यभर मुद्रितं तपासलेली. ताप विसरून ते पुढे सरकले. "आकड्यांवरून चाल केलीस, की चालीवरून आकडे मांडलेस? कुणीतरी केलेली चाल घ्यायची, सुरांचे आकडे करायचे, आणि म्हणायचं टाकीतून आली. हे कसं ओळखायचं आम्ही?"

"बिनतोड!" काका म्हणाले. "उत्तर दे!"

मला राग आलाच, पण थोडा अभिमानही वाटला. प्रश्न बरोबर होता! शास्त्रात याला एकच उत्तर असतं: नवे आकडे घ्या, पुन्हा करून दाखवा. "ठीक आहे," मी म्हटलं. "या आठवड्याचे आकडे केंद्रातून आत्ता, तुमच्यासमोर मागवते. मी ते पाहिलेले नाहीत. पाहणारही नाही. आधी डोकावणं म्हणजे प्रयोग भ्रष्ट करणं. सगळ्यांसमोर थेट वाजवते."

हा माझा प्रामाणिकपणा! याची नोंद कुठल्याही ठरावात नाही!

आकडे आले. मी कळ दाबली.

टूं.

टूं. टूं. टूं.

टूं टूं टूं टूं टूं टूं टूं टूं…

सगळे मान कलती करून उठावाची वाट पाहत होते. उठाव येईना. मी आवाज वाढवला. तोच 'टूं' आता जास्त मोठ्याने ऐकू यायला लागला. खिडकीवरचा कावळा उडून गेला. शेवटी मी केंद्रात फोन लावला, तेव्हा कळलं की सोमवारपासून सेन्सरला चिंधी गुंडाळली गेली होती आणि तो आठवडाभर एकच आकडा दाखवत होता.

"चिंधी!" मी ओरडले. "सेन्सरला चिंधी अडकलीय! हा आठवडा धरता येणार नाही! एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही!"

"बास," काका हळूच म्हणाले. फार वाईट वाटल्यासारखे. "ही टूं टूं, ही तुझी चाल पोरी. मान्य. ती दुसरी तुझी नाही."

"चोरी केलीस तर केलीस," बाबा म्हणाले, "वर तिला मैल्याचं नाव देतेस? एवढ्या निर्मळ चालीला? अगं, आजकालचे सगळे उचलतात, पण निदान लाजून गप्प बसतात!"

"हेच म्हणतो मी," काका त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "उसनवारी मी समजू शकतो. बाजार समजू शकतो. पण मूळ कलावंताचं नाव पुसून तिथे टाकीचं नाव घालायचं?"

"याला काय म्हणायचं?" बाबा.

"निर्लज्जपणा," काका.

"तोच शब्द माझ्या ओठांवर होता!"

आणि त्या खोलीत, जिथे चहात साखर किती यावरही कधी एकमत झालं नव्हतं, तिथे मला मंडळात प्रवेशबंदी करणारा ठराव एकमुखाने संमत झाला. सूचक: माझे जन्मदाते वडील. अनुमोदक: दातवाले काका. ठरावसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्याच अभिनंदनाचा दुसरा ठराव मांडला.

अनुमोदन देताना काकांचा हात बाबांच्या खांद्यावर होता. तो काढताना त्यांचं लक्ष गालाकडे गेलं. "अरे, हे काय करून घेतलंस? चल. आत्ताच्या आत्ता चल!"

"तुझं ते ड्रिलबद्दल…" बाबा पुटपुटले.

"गेलं खड्ड्यात ड्रिल. चल आधी!"

दोघं हातात हात घालून जिना उतरले. मी मागून संगणक, त्याच्या वायरी आणि बाबांचा गळपट्टा घेऊन. चोराला एवढं काम तर करावंच लागतं.

दाढ वाचली. हे मोठ्या मनाने आधी सांगून टाकते. पू काढला, औषधं दिली, ताप उतरला, आणि पुढच्या आठवड्यात पक्कं भरायचं काम ठरलं. त्या दिवशी मी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले. फोन घेणाऱ्या बाईंनी कुणालातरी "एक मिनिट हं" म्हटलं आणि फोनमधून माझी चाल वाजायला लागली. मी बाबांकडे पाहिलं.

"हे चालतं का आता तुम्हाला? हा बाजार नाही?"

"बाजार वेगळा, प्रसार वेगळा," बाबा म्हणाले आणि आत गेले.

दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते, धुमसत. आतून ड्रिलची घरघर, मग पाण्याची चूळ, मग काकांचं गुणगुणणं. तीच चाल! जरा वेळाने बाबांनीही साथ धरली. तोंडात आरसा, कापूस, काकांची दोन बोटं, आणि त्या सगळ्यातून "आं… आं आं…" दोघं डोलत होते. एक खुर्चीत आडवा, एक तिच्यावर वाकलेला. आणि उठावाच्या आधी, जिथे सूर खाली यायला हवा, तिथे दोघांनी तो वर नेला. एकदा नाही. प्रत्येक वेळी!

बाकी सगळं मी सोसलं होतं. हे सोसवेना. मी दारात जाऊन उभी राहिले. "तिथे सूर खाली येतो!"

गुणगुणणं थांबलं. "कोण म्हणतं?" काकांनी विचारलं.

"मी म्हणते! मी केलीय ती चाल!"

"पोरी, चोरलेल्या मालाची दुरुस्ती चोराने करायची नसते."

"आं आं, आंऊं आं आं!" बाबा कापसातून म्हणाले.

काकांनी गंभीरपणे अर्थ सांगितला. "तो म्हणतोय, मूळ चाल अशीच आहे."

मी परत बाकावर येऊन बसले. संताप संताप झाला! आकडे माझ्याकडे, टाकी माझ्याकडे, आणि मूळ चाल यांच्याकडे!

घरी येताना बाबा प्रसन्न होते. आता दोन्ही बाजूंनी चावता येणार होतं. मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. रागारागात पुढे चालत होते आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं, की मीच ती चाल गुणगुणतेय. आणि सूर वर नेतेय. त्यांच्यासारखाच! खाली आणून पाहिला, पुन्हा वर नेऊन पाहिला. काय सांगू? वर गेला की जास्त बरा वाटतो.

पण हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या. मंडळात कळलं तर म्हणतील, बघा, हेही उचललं!